धोंडवार

जेवणाच्या सुट्टीत, डबा ठेवायला टेबलावर जागा करावी म्हणून पारखीनं सकाळचा तो दगड उचलला, आणि त्याच्या डाव्या हाताचा अंगठा दगडाच्या कडेच्या खळगीत आपणहून जाऊन बसला. जुन्या चपलेत पाय जावा तसा, न बघता, न चाचपडता. उरलेली चार बोटं दगडाच्या पोटाखाली आपापल्या जागी गेली. उजवा हात मोकळा होऊन खांद्यापर्यंत वर उठला आणि तिथेच थांबला, कारण आपण कशासाठी उठलो हे त्याला आठवेना. डब्याचं झाकण अर्धवट उघडं होतं. पंखा गरगरत होता आणि वारा दुसऱ्याच कोणाला तरी देत होता. बाहेर शिपाई कोणाला सांगत होता की आज धोंडवार आहे, साहेब चारपर्यंत दगडांत असतात, माणसांनी उद्या यावं. पारखीनं हात खाली घेतला. एकटा माणूस हात वर करून बसलेला बरा दिसत नाही. अंगठा मात्र खळगीतच राहिला. त्याला तिथे बरं वाटत होतं, आणि अंगठ्याला बरं वाटतंय याचाच पारखीला हळूहळू वैताग यायला लागला.

धोंडवार हा शब्द शिपायाचा. दर बुधवारी संग्रहालयाच्या मागच्या बाजूची एक खिडकी उघडायची आणि शेतात, नदीत, रस्त्याच्या खोदकामात, क्वचित स्वप्नात दृष्टांत होऊन सापडलेले दगड घेऊन लोकांनी तिथे रांग लावायची. खिडकीआडच्या माणसानं दगड उलटासुलटा करून सांगायचं, की हा आदिमानवानं घडवलेला आहे की नुसताच दगड आहे. त्यासाठी तीन शिक्के होते: ‘मानवनिर्मित’, ‘नैसर्गिक’ आणि ‘अनिश्चित’. एकोणतीस वर्षांत ‘नैसर्गिक’ शिक्क्याचं रबर चार वेळा बदलावं लागलं होतं, ‘मानवनिर्मित’चं अजून मूळचंच होतं, आणि ‘अनिश्चित’ तर खोक्यातून बाहेरच आला नव्हता, कारण पारखीला अनिश्चित असं काही वाटतच नसे. त्याबद्दल त्याला थोडा अभिमान होता. लोक काय काय घेऊन येत. लोखंडाच्या भट्टीतली मळी उल्का म्हणून आणत, गुळगुळीत गोटा राक्षसी पक्ष्याचं अंडं म्हणून आणत. एका गृहस्थांनी काचेच्या बाटलीतून स्वतःचा मूतखडा आणला होता आणि त्याचा काळ विचारला होता. त्याच्यावर मारायला तिन्हींपैकी एकही शिक्का पुरेसा नव्हता. पारखीनं तेव्हा डॉक्टरांकडे बोट दाखवून खिडकी लावून घेतली होती आणि घरी जाऊन हे बायकोला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, निदान त्या माणसाला आपला दगड कुठून आला हे तरी माहीत होतं.

पण या सगळ्यांवर कडी मास्तरांची. मास्तर म्हणजे शिंपी. कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात त्या अर्थानं मास्तर. दुकान मुलानं चालवायचं नाकारल्यावर त्यांनी ते बंद केलं होतं आणि त्याच आठवड्यात त्यांना पहिला दगड सापडला होता. त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत, दगड असो नसो, मास्तरांनी एकही बुधवार चुकवला नव्हता. डोळ्यांचं ऑपरेशन झालं त्या बुधवारी ते हिरवी पट्टी लावून आले होते. प्रत्येक दगडासाठी ते वेगळी पिशवी शिवत, अस्तर लावून, नाडी ओवून, वर भरतकामात क्रमांक काढून. आतल्या दगडापेक्षा पिशवी कितीतरी जास्त घडवलेली असे. पिशवी उघडायची त्यांची एक रीत होती. नाडी सैल करून, दोन बोटं आत घालून, दगडाला जाग येऊ नये अशा बेतानं ते त्याला बाहेर काढत आणि पुढे सरकवत, आणि मग पारखीच्या चेहऱ्याकडे बघत बसत. पारखीला सगळ्यात जास्त वैताग त्या बघण्याचा येई. दगडात काही नाही हे त्याला खिडकीतूनच दिसलेलं असे, पण दोन मिनिटं तरी भिंग लावून बसावं लागे, कारण समोरचा माणूस अस्तर लावून आला होता. मग ‘नैसर्गिक’. मग मास्तर म्हणत, बरं. नुसतं ‘बरं’. वाद नाही, तक्रार नाही. भांडणारी माणसं पारखीला चालत, त्यांच्यावर ओरडता तरी येतं. हे ‘बरं’ घरी येई, जेवताना ताटासमोर बसे.

एके काळी मास्तर दगडाबरोबर आजूबाजूला सापडलेलं सगळंच घेऊन येत. बाटलीची काच, बुटाची टाच, अर्धी फणी. हे त्याच्या उजवीकडे वीतभर अंतरावर होतं, हे त्याच्या खाली, असं एकेक मांडून चाळीस-चाळीस मिनिटं सांगत, आणि मागे रांगेत लोक ताटकळत. शेवटी पारखीनं स्वतःच्या हातानं एक पाटी लिहून खिडकीवर डकवली: ‘येथे फक्त दगड स्वीकारले जातात. इतर वस्तू दाखवू नयेत व त्यांविषयी बोलू नये.’ शेवटचे चार शब्द खास मास्तरांसाठी होते. मास्तरांनी पाटी दोनदा वाचली होती आणि म्हटलं होतं, बरं.

आज सकाळी मास्तर रांगेत पहिले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. पिशवी क्रमांक चारशे तेरा.

“साहेब, हा शेवटचा,” ते म्हणाले. “रविवारी मुलगा न्यायला येतोय, कायमचं. गाडीत किती जागा आहे ते त्यानं कळवलंय, आणि त्यातली दगडांना किती ते हिनं ठरवलंय.”

“किती?”

“एकाचीही नाही. हिचं म्हणणं, चारशेत एक तरी खरा दाखवा, त्याच्या पुण्याईवर बाकीचे सगळे नेऊ. नाहीतर एकही नाही. ओढ्यात नेऊन टाका, जिथून आणले तिथे.”

पारखीला हे ऐकायचं नव्हतं. दगडाबद्दल मत देताना दगडामागचं घर माहीत असू नये असं त्याचं तत्त्व होतं. त्यानं हात पुढे केला, मास्तरांनी दगड ठेवला, आणि पारखी एकदम ताठ बसला. हा गाभा होता. दगडातून पातळ धारदार कपच्या काढत गेलं की शेवटी हातात जे उरतं ते, दाणे काढलेल्या कणसाच्या बुरकुंडासारखं, त्याला गाभा म्हणतात. आणि या गाभ्याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. सगळ्या कपच्या एकाच माथ्यावरून, एकाच दिशेनं निघालेल्या, प्रत्येक घावाखाली तो विशिष्ट खोलगट ठसा, आणि ठशातून खाली पसरलेल्या बारीक लाटा. वर ओढ्याच्या लोहाच्या पाण्यानं चढवलेला तपकिरी थर. दगड हिरवट, त्यात एक पांढरी शीर, काचेसारखा फुटणाऱ्या जातीचा. असा दगड या भागात कुठेच नव्हता. पारखीला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. त्याला प्रथम राग आला. एकोणतीस वर्षं तो असल्या गाभ्याची वाट बघत या खिडकीत बसला होता, आणि तो सापडला कोणाला, तर चारशे बारा वेळा चुकलेल्या शिंप्याला. मग आनंद झाला, आणि त्या दोन्हींच्या भरात त्यानं प्रमाणपत्राचं कोरं पान ओढून अभिप्राय लिहिला. तारखेसह. एरवी तो दोन शब्द लिही, आज सहा ओळी लिहिल्या. ‘मानवनिर्मित’ शिक्का शाईत बुडवताना रबर कोरडं होतं, दोनदा दाबावं लागलं.

“साहेब, आणखी एक गोष्ट होती,” मास्तर म्हणाले. “त्याच्याबरोबरच, अगदी खाली…”

पारखीनं पेनाच्या टोकानं पाटी दाखवली. मास्तरांनी ती पुन्हा एकदा वाचली आणि तोंड मिटलं. मग नेहमीचं झालं. नोंद व्हायची असते म्हणून वस्तू आठवडाभर इथेच राहते. पारखी म्हणाला, “ठेवून जा. बुधवारी या,” आणि मग आठवलं की बुधवारी हे इथे नसतील. काहीतरी बघू, असं तो पुटपुटला. मास्तर प्रमाणपत्र दोन्ही हातांत धरून उभे होते, ओल्या कागदासारखं. आज ते ‘बरं’ म्हणाले नाहीत. गेले ते पिशवी विसरून गेले.

आणि आता अंगठा. पारखीनं गाभा टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. पुन्हा तेच. त्यानं तो मुद्दाम उलटा धरून पाहिला, उजव्या हातात धरून पाहिला. कुठेच बसेना. पुन्हा डाव्या हातात घेतला, की अंगठा आपल्या घरी. त्यानं भिंग घेतलं आणि गाभ्याच्या एका बाजूकडे पाहिलं, जिच्याकडे सकाळी विद्वानासारखं पाहिलं होतं. तिथे घाव फसला होता. कपची पूर्ण न निघता मध्येच तुटून पायरी झाली होती. अशा वेळी शहाणा माणूस दगड फिरवतो, दुसरी जागा शोधतो. इथे त्यानं दगड फिरवला नव्हता. त्याच जागी पुन्हा मारलं होतं, पुन्हा पायरी. तिसऱ्यांदाही तिथेच, अधिक जोरात. तीन पायऱ्या, एकीखाली एक. तुझ्या दगडात तुझा वैताग दिसतो, असं कोणीतरी म्हणालं होतं. कोणीतरी म्हणजे सर.

पारखीनं मास्तरांचा अर्ज ओढला. सापडल्याचं ठिकाण: पाण्याच्या टाकीमागचा ओढा. सकाळी त्यानं हे वाचलं होतं, म्हणजे डोळ्यांखालून गेलं होतं. टाकी अलीकडची. तिच्याआधी तिथे पुरातत्त्वाचे वर्ग भरत ती पत्र्याची लांब शेड होती, आणि शेडच्या मागच्या पायरीवर अडतीस वर्षांपूर्वी एक एकवीस वर्षांचा मुलगा मांडीवर चामडं घेऊन बसायचा, डाव्या हातात हिरवट दगड आणि उजव्या हातात गोटा. हिरवट दगड सर कुठून कुठून आणायचे, कापडी पिशवीत घालून, बसच्या टपावर टाकून. पारखीला सकाळी लिहिलेल्या सहा ओळी आठवल्या, आणि त्यानं डब्याचं झाकण लावून टाकलं. ‘दगड दूरवरून आणलेला असावा. प्राचीन काळातील देवाणघेवाणीचा महत्त्वाचा पुरावा.’ बसच्या टपावरून. ‘कारागीर कसबी, परंतु अखेरच्या टप्प्यात त्याचा संयम सुटलेला दिसतो.’ स्वतःबद्दल इतकं नेमकं त्यानं आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

सर बारीक अंगाचे, आणि बाराही महिने एकच तपकिरी कोट. उन्हाळ्यातही कोट. मुलं म्हणायची कोटाच्या आत सर नाहीतच, कोटच शिकवायला येतो. पारखीच्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी कोटाच्या डाव्या बाहीवरच्या तीन बटणांपैकी एक नव्हतं. कोणीतरी ते लावून द्यायची तयारी दाखवली तर सर म्हणाले होते, असू दे, ते कामाला गेलंय. सर हे असलं काहीतरी बोलायचेच, मुलं हसायची, पुढे जायची. शिकवणं मात्र असं होतं की पारखीला ते आजही ऐकू येई, खिडकीत बसल्या बसल्या. नदीसुद्धा दगड फोडते, सर म्हणायचे, पण नदीला काही हवं नसतं. माणसाला हवं असतं, आणि ते हवं असणं दगडावर उमटतं, तेच शोधायचं, दगड शोधू नका. आणि ते शोधायला यावं म्हणून आधी स्वतः फोडून बघा. म्हणून ती पायरी, ते चामडं, ती सोललेली बोटं. दिवसाअखेर कपच्यांचा ढीग पडायचा, आणि तो टाकून द्यायची एक रीत होती. सरांची नव्हे, हे काम शिकणाऱ्या सगळ्यांचीच. टाकलेल्या कपच्यांमध्ये आपल्या काळाची एक खूण पुरायची. नाणं, बाटलीचं बूच, बटण, काहीही. म्हणजे पुढे कधी कोणी तो ढीग उकरला तर त्याला कळेल, की ही आपल्यासारख्याच कोणाची तरी शिकवणी आहे. हजार वर्षांनी एखादा शहाणा येईल, सर म्हणायचे, त्याला फसवायचं आपल्याला कारण नाही. हजार कशाला, पारखीनं मनात म्हटलं, अडतीसच पुरली. आणि शहाणाही फार लांबून आला नाही.

तो दिवस त्याला नको इतका स्पष्ट आठवत होता. सकाळपासून एक लांब सरळ कपची काढायची होती आणि ती निघत नव्हती. सर मागे उभे राहून काही न बोलता बघत होते, मास्तर बघतात तसे. हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं, की त्या बघण्याचा वैताग अकरा वर्षांचा नव्हता, खूप जुना होता. दुपारपर्यंत बोटांतून रक्त आलं, तीन घाव एकाच जागी घातले आणि दगड वाया गेला. सर तेव्हा ते वैतागाचं वाक्य बोलले, प्रेमानं बोलले, आणि म्हणून ते जास्त झोंबलं. मग म्हणाले, जा, ओढ्यात पुरून ये सगळं, खूण टाकायला विसरू नकोस. तो गोणपाट ओढत गेला. पुरलं-बिरलं काही नाही. गोणपाट उलटं केलं, वर पायानं चार ढेकळं सारली. खिशात बूच होतं. होतं, हे त्याला आजही आठवतं, बोटांना त्याची दातेरी कड लागली होती, आणि ती लागली म्हणूनच त्यानं हात बाहेर काढला होता. हजार वर्षांनंतरच्या त्या शहाण्यानं आपलं बघून घ्यावं. परत आल्यावर सरांनी विचारलं, टाकलीस खूण? टाकली. काय टाकलंस? बटण, तो म्हणाला. का म्हणाला कोण जाणे. बूच म्हणायचं सोडून बटण म्हणाला. सरांनी त्याच्या शर्टाकडे पाहिलं. गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं जागच्या जागी होती. सर म्हणाले, बरं.

पारखी उठला आणि खोलीत फेऱ्या मारायला लागला, पण खोली चार पावलांची होती, फेरीचा राग यायच्या आत भिंत येई. गप्प बसणं किती सोपं आहे याचाच त्याला राग आला. खोटं बोलायची गरजच नव्हती. गाभा कपाटात जाईल, शिंप्याचे दगड गाडीत जातील, म्हातारी खूश, म्हातारा खूश, आणि पुढच्या वर्षी पारखी निवृत्त. कोण तपासायला येणार? पण कोणीतरी येईल हे त्याला ठाऊक होतं. चष्मा लावलेलं एखादं हुशार पोर येईल, त्या सहा ओळी वाचेल, आणि नकाशावर एक बाण काढेल, त्या दूरच्या खाणीपासून या ओढ्यापर्यंत. मग दुसरा येऊन तो बाण जाड करेल. असले बाण पारखीनं पाहिले होते, त्यांतले दोन-तीन स्वतःच पुसले होते, ते काढणाऱ्या माणसांशी आजन्म वाकडं घेऊन. शिवाय, आणि हे त्यानं स्वतःशीही फार हळू म्हटलं, तो गाभा रोज त्या कपाटात बसून त्याच्याकडे बघेल. सर बारा वर्षांपूर्वी गेले. तोवर सव्वीस वर्षं त्याला सांगता आलं असतं, की सर, मी बटण टाकलं नव्हतं. इतकं क्षुल्लक होतं की सांगायला प्रसंगच मिळाला नाही.

साडेपाचला खोली लावून तो निघाला तेव्हा शिपायानं सांगितलं, की मास्तरांनी जाताना दारवानापासून सगळ्यांना चहा पाजला. “अकरा वर्षांत पहिल्यांदा हसताना बघितलं,” तो म्हणाला. “तुम्हालाही, साहेब. सकाळी हसलात तुम्ही. मी घड्याळ बघून ठेवलं.” गाभा रिकाम्या पिशवी क्रमांक चारशे तेरामध्ये घालून पारखीनं नाडी ओढली. नाडी अगदी अलगद सरकत होती. असं शिवायला किती वेळ लागत असेल, हा विचार इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या मनात आला, आणि तो आल्याचाही त्याला त्रास झाला.

मास्तरांचं घर बंद दुकानाच्या वर होतं. जिना अरुंद, आणि प्रत्येक पायरीवर दोरीनं बांधलेली खोकी. खोलीत सामान आवरलं जात होतं, मास्तरांची बायको कागदात कपबशा गुंडाळत होती, शिलाई मशीन चादरीत बांधून कोपऱ्यात उभं केलेलं. एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर चारशे बारा पिशव्या, क्रमांक बाहेर करून. समोरच्या भिंतीवर, चार टाचण्यांनी चार कोपरे ताणून, प्रमाणपत्र. चौकट उद्या येणार होती. मास्तर खुर्ची पुसायला धावले. पारखी उभाच राहिला, कारण बसलो तर चहा येईल आणि चहा आला तर बोलणं होणार नाही.

“वहिनी,” तो म्हणाला. मास्तरांशी थेट बोलणं त्याला जमेना. “तो शिक्का चुकलाय.”

तिनं कपबशी खाली ठेवली. “म्हणजे हाही नुसताच दगड?”

“नाही. घडवलेला आहे. पण आदिमानवानं नाही.”

“मग कोणी?”

“मी.”

एरवी हे सांगायला त्याला वीस वाक्यं लागली असती. ती त्यानं नंतर सांगितली, उभ्या उभ्या, पायरी, चामडं, गोणपाट सगळं. खूण टाकायची रीत सांगितली. बूच सांगितलं. बटण आपण टाकलं नव्हतं आणि टाकलं म्हणून सांगितलं, हेही. अडतीस वर्षं न झालेलं काम एका शिंप्याच्या घरात कपबशांसमोर झालं. बोलून झाल्यावर मास्तर उठून प्रमाणपत्राजवळ गेले. आता ते टाचण्या काढतील म्हणून पारखीनं दुसरीकडे पाहिलं.

“कसबी, असं लिहिलंय,” मास्तर म्हणाले.

“हो.”

“संयम सुटलेला दिसतो, असंही.”

“ते खरं आहे,” पारखी म्हणाला, आणि मास्तरांची बायको हसली. जोरात नाही, पदर तोंडाला लावून, पण हसली.

मास्तर हसले नाहीत. ते फळीकडे वळले आणि त्यांनी अगदी शेवटची, अंगठ्याएवढी एक पिशवी काढली. तिच्यावर भरतकामात चारशे तेरा होतं आणि पुढे एक बारीक ‘अ’. “मी सकाळी सांगत होतो, साहेब. पण पाटी होती.” नाडी सैल केली, दोन बोटं आत घातली. तळहातावर आलं ते एक बटण होतं. “सगळ्या कपच्यांच्या खाली होतं. नीट वीतभर खड्डा करून ठेवलेलं. त्यावरून मला वाटलं होतंच, की हे फार जुनं नसणार. पण म्हटलं, साहेबांना दगडातलं जास्त कळतं.”

पारखीनं हात पुढे केला. मास्तरांनी बटण दिलं नाही. त्यांनी ते खिडकीपाशी नेलं, डोळ्याला आपलं भिंग लावलं आणि बघायला लागले. सावकाश. पालथं केलं, परत उताणं केलं, नखानं कड चाचपली. पारखी स्टुलावर बसला. बसल्यावर त्याला कळलं की आपण त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतोय, आणि तो चेहरा काहीच सांगत नाहीये, आणि हे असह्य आहे.

“शर्टाचं नाही,” मास्तर शेवटी म्हणाले. “कोटाचं आहे. पुढचं नव्हे, बाहीचं, मापावरून. शिंगाचं आहे, तपकिरी कोटाला लावायचे असं. आणि हे तुटून पडलेलं नाही, बरं का. ओढून तुटलं की भोकाला ताण पडतो, इथे भोकं शाबूत आहेत. मुद्दाम काढलंय. खालून काहीतरी घालून दोरा कापलाय, त्याचा ओरखडा राहिलाय मागे. पण कशानं कापलंय ते मला सांगता येत नाही. कात्री नाही, ब्लेड नाही. ब्लेडचा ओरखडा एकसारखा येतो. हा दातेरी आहे.”

आता त्यांनी बटण पारखीला दिलं, आणि भिंगही. ओरखडा केसाएवढा होता. एक नाही, तीन-चार रेषा शेजारी शेजारी, मध्येच उथळ, मध्येच खोल. असा ओरखडा कशाचा येतो हे या गावात एकाच माणसाला सांगता आलं असतं. ताज्या कपचीच्या धारेचा. ओढ्यात गेलेले सर, त्याच्याच ढिगातली त्याचीच एक कपची उचलतात, बाही वर करतात, एक बटण कापतात, सगळा ढीग पुन्हा बाजूला सारून खाली वीतभर खड्डा करतात. मग हात धुऊन शेडमध्ये येतात, आणि उरलेलं वर्षभर दोन बटणांच्या बाहीनं शिकवतात. शर्टाकडे पाहिलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. खोटं पकडायच्या ऐवजी त्यांनी ते खरं करून ठेवलं होतं. कामाला गेलंय. पारखीला वैतागायचं होतं, सवयीनं त्यानं तो वैताग शोधलाही, सरांवर, मास्तरांवर, स्वतःच्या पाटीवर. तो सापडेना. भिंगातलं बटण मोठं होत होतं आणि धूसर होत होतं, आणि भिंग पुसून काही उपयोग नव्हता.

मास्तरांच्या बायकोनं मधल्या वेळात चहा केलाच होता. कप पुढे ठेवून ती म्हणाली, “मला एक सांगा. कोणी केला, कधी केला, कशापायी फेकला, बटण कोणी टाकलं, इतकं सगळं ठाऊक असलेला दुसरा दगड आहे का तुमच्या त्या एवढ्या इमारतीत?”

पारखीनं कपाटं आठवून पाहिली. प्रामाणिकपणे, एकेक खण. “नाही,” तो म्हणाला.

“मग हा खराच झाला. यांचे नेते मी सगळे.” आणि तिनं कपबशांचं एक अर्धं भरलेलं खोकं पुन्हा रिकामं करायला घेतलं, जागा लागणार म्हणून.

प्रमाणपत्र पारखीनं तिथेच दुरुस्त केलं. देवाणघेवाणीची ओळ खोडली, काळाच्या जागी अडतीस वर्षं लिहिलं, कारागिराच्या जागी स्वतःचं नाव. ‘ओळख पटवणारे’ या रकान्यात दरवेळी त्याची सही असे, तिथे त्यानं मास्तरांना सही करायला लावलं. ‘कसबी’ हा शब्द खोडावा का, याचा त्यानं बराच विचार केला आणि तो राहू दिला. मग तो उठला, गाभा मास्तरांच्या हातात दिला, आणि बटण, अजून त्याच्याच मुठीत होतं ते, खिशाकडे न्यायला लागला. मास्तरांनी हात पुढे केला. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. अकरा वर्षांत कधीच नव्हती.

“असं लगेच नाही देता यायचं, साहेब. आज त्याची खरी ओळख पटली, म्हणजे नोंद व्हायला हवी. पिशवीवरचा ‘अ’ही बदलायला हवा, हे काही दगडाचं शेपूट नव्हे. नव्या घरचा पत्ता लिहून देतो. ठेवून जा. बुधवारी या.”

पारखीनं मूठ उघडली. “बरं,” तो म्हणाला.

जिना उतरून, खोक्यांना न अडखळता तो रस्त्यावर आला, आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्याला आठवलं की आज बुधवारच आहे. म्हणजे अख्खा आठवडा.